पंचवीस तारखेचा संशय

९ नोव्हेंबर, रविवार

संशय आला की तारीख घालून लिहून ठेवावा, ही सवय मला फौजेत लागली. तोंडी संशयाला कुणी विचारत नाही. रिटायर होऊन लखनौच्या तेलीबागेत घर बांधल्यापासून तशी वेळ आली नव्हती. आज आली.

संशय माझ्याच घरातला आहे. दीप्ती, माझी मुलगी, इथल्या विद्यापीठात पीएचडी करते. विषय प्राचीन इतिहास, एवढंच मला ठाऊक होतं. आज चर्चमधल्या उपासनेहून परत आलो तर तिच्या टेबलावर छापील चित्रं पसरलेली. एकात एक तरुण बैलाच्या मानेत सुरा खुपसतोय. दुसऱ्यात एक बाई मांडीवर बाळ घेऊन पाजतेय. मला वाटलं, मरिया. खाली वाचलं तर इसिस. मिसर देशाची देवी, येशूच्या कितीतरी आधीची.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"थीसिस का है, पप्पा." मराठी सगळं समजतं तिला, पण उत्तर हिंदीत. लखनौत वाढलेल्या मुलांचं असंच. तिचं बोलणं मी इथं बहुतेक मराठीतच लिहीन.

"थीसिस नेमका कशावर आहे?"

तिनं चित्रं एकावर एक रचली. "सुरुवातीचे ख्रिस्ती लोक आधीच्या धर्मांतून काय काय सोबत घेऊन आले, त्यावर."

"म्हणजे आपलं सगळं उसनं?"

"असं मी म्हटलेलं नाही."

म्हटलं नाही, पण लिहितेय. तिच्या गाइडचं नाव डॉ. गोपीनाथ आठल्ये. आडनावातच काय ते समजलं. नगर जिल्ह्यात आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं, तुम्ही कसले ख्रिस्ती, पोटासाठी झालेले. फौजेतही विचारायचे, "भिंगारदिवे, असली वाले हो या बाद वाले?" तेच आता हा गृहस्थ माझ्या मुलीच्या हातानं इंग्रजीत लिहून घेतोय. तिच्या नावावर डिग्री, त्याचं काम फत्ते.

१२ नोव्हेंबर

पहाटे गच्चीवर प्रार्थना केली. धुरकं आहे, खोकला जात नाही. नेहमीच्या कोपऱ्यात पूर्वेकडे तोंड करून उभा राहिलो, सूर्याचा लाल गोळा वर येईपर्यंत. त्यानं मन शांत होतं.

खाली येऊन नीलमला विचारलं, "तुला माहीत होतं दीप्ती काय लिहितेय ते?"

ती मटार सोलत होती. "तीन वर्षं झाली. तुम्ही आत्ता विचारताय."

"तुला चालतं?"

"मला त्यातलं सगळं कळत नाही. पण ती सांगते तेव्हा मी ऐकते. तुम्ही उठून जाता."

मी कधी उठून गेलो? बायकोलाही फितवलं आहे असं दिसतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज नवीनच. उपासना संपल्यावर दीप्ती पाद्री साहेबांकडे गेली आणि नाताळच्या आधी तरुणांच्या सभेत बोलायची परवानगी मागितली. विषय, पंचवीस डिसेंबर ही तारीख आली कुठून. पाद्री साहेब बिचारे खूश. त्यांना वाटलं मुलांसाठी काहीतरी माहितीपर असेल. लगेच पुढचा रविवार दिला.

रमाकांत दयाल माझ्या शेजारीच होता. रेल्वेतून रिटायर झालेला, चर्चच्या कमिटीत माझ्यासोबत आहे. या शहरात मला भाऊ म्हणावा असा तोच. मी त्याला बाजूला घेऊन चित्रांचं सांगितलं. तो गंभीर झाला. "सुभेदार साहब, बेटी अपनी है, पर पढ़ाने वाला अपना नहीं है. बोलेगी तो रिकॉर्ड कर लीजिए. कल को बात बिगड़ी तो सबूत रहेगा."

व्यवहारी माणूस आहे. माझ्या डोक्यात हे आलं नसतं.

१९ नोव्हेंबर

दीप्ती बाल्कनीत फोनवर बोलत होती. आठल्येच असणार, कारण त्यांच्याशी ती मराठीत बोलते. बापाशी हिंदी आणि त्यांच्याशी मराठी! मी टॉवेल काढायच्या निमित्तानं दाराशी गेलो.

"नाही सर, मी ठरवलंय. त्यांना हे कळायलाच हवं. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं." मग थोडं थांबून, "हो, मला माहीत आहे, चिडतील."

'त्यांना' म्हणजे कुणाला? चर्चच्या मंडळीला, आणखी कुणाला. चिडवायचंच ठरवून चालली आहे पोरगी. आणि 'सर' तिकडून हवा देतायत.

२३ नोव्हेंबर, रविवार

सविस्तर लिहितो.

हॉल भरला होता. तरुण मुलं होतीच, पण रमाकांतनं चार ठिकाणी सांगितल्यामुळे कमिटीचे लोकही आले. मागच्या बाकांवर ती नवी कुटुंबं होती, जी वर्षभरापासून येतात आणि अजून नाव सांगताना घाबरतात. मी दुसऱ्या रांगेत डावीकडे बसलो. फोन शर्टाच्या खिशात, कॅमेरा बाहेर.

दीप्तीनं निळी साडी नेसली होती. आवाज सुरुवातीला कापत होता, मग नीट लागला. म्हणाली, पवित्र शास्त्रात जन्माची तारीख कुठेच नाही. पहिली दोन-तीनशे वर्षं ती कुणी पाळत असल्याचा पत्ता लागत नाही. रोममध्ये सूर्याची मोठी पूजा होती, थंडीत दिवस मोठा व्हायला लागतो त्या सुमाराला त्याचा सण होता. काही अभ्यासक म्हणतात, तारीख तिथून घेतली. काही म्हणतात, नाही, मरियेची गर्भधारणा मार्चमधल्या एका तारखेची धरून तिथून नऊ महिने मोजले. "पक्का किसी को नहीं पता. जो कहे पक्का पता है, उस पर शक कीजिए."

मग पडद्यावर चित्रं. बैल मारणारा तो मिथ्रास नावाचा देव. त्याचे भक्त गुहेसारख्या खोलीत एकत्र बसून जेवायचे, भाकरी आणि पेला. हॉलमध्ये कुजबुज झाली. ती म्हणाली, त्या काळच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनाही हे साम्य दिसलं होतं, ते म्हणायचे सैतानानं आपली नक्कल केली. मला ते बरोबर वाटलं. पोरं मात्र हसली.

नंतर इसिस आणि तिचं बाळ. मागे पुन्हा कुजबुज झाली म्हणून मी अख्खा वळून मागच्या बाकांपर्यंत बघितलं. नंतर रोममधल्या एका थडग्याच्या छताचं चित्र, त्यात डोक्याभोवती किरणं असलेला कुणी रथ हाकतोय. सूर्यदेव वाटतो, पण थडगं ख्रिस्ती माणसाचं. आणि एका पोपची गोष्ट. पाचव्या शतकातला. त्यानं प्रवचनात आपल्याच लोकांना झापलं होतं, की तुम्ही चर्चच्या पायऱ्या चढता आणि आत यायच्या आधी मागे वळून उगवत्या सूर्यापुढे मान झुकवता!

इथं तिनं माझ्याकडे बघितलं. नेमकी मलाच खोकल्याची उबळ आली. खूप वेळ.

शेवटी म्हणाली, जे लोक सूर्याकडून आले ते सूर्याची सवयही सोबत घेऊन आले. प्रभूनं सवय तपासून माणसं घेतली नाहीत, माणसं घेतली. माझा विश्वास तारखेवर टिकून नाही, म्हणून मला ती तपासायची भीती वाटत नाही.

टाळ्या थोड्या वाजल्या. पाद्री साहेबांनी घाईनं प्रार्थना करून सभा संपवली. घरी येताना स्कूटरवर ती मागे बसली होती. "कैसा लगा, पप्पा?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "ट्रॅफिक आहे, नंतर बोलू."

घरी येऊन पूर्ण रेकॉर्डिंग रमाकांतला पाठवलं. सल्ल्यासाठी. बाकी कुणाला नाही.

२४ नोव्हेंबर

गच्चीवरून खाली आलो तर नीलम जिन्यात उभी. "झाली का सूर्याची भेट?"

"मी प्रार्थना करतो."

"हो. पश्चिमेला तोंड करून एक दिवस करून बघा."

 माझा बाप असाच उभा राहायचा, म्हणून मी राहतो. त्याचा रोमशी काय संबंध?

२६ नोव्हेंबर

घात झाला. दीप्तीच्या भाषणाचा एक तुकडा फोनाफोनी फिरतोय. शेजारच्या चहावाल्यानं मला दाखवला! तारीख कुठेच नाही, सूर्याचा सण, देवीचं बाळ, पोपची गोष्ट, एवढंच ठेवलंय. शेवटचं सगळं कापलंय. वर हिंदीत मोठ्या अक्षरांत, ईसाई लड़की ने ही खोल दी पोल.

दीप्तीनं तो पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मग खोलीत गेली. माझ्याकडे का पाहिलं? मी काय केलं?

हे काम आठल्येचं. दुसऱ्या कुणाला यात फायदा आहे? हॉलमध्ये त्यांचा एखादा विद्यार्थी बसवलेला असणार. त्या गर्दीत अनोळखी चेहरे होतेच. रमाकांतला फोन केला. तो म्हणाला, "मैंने कहा था ना." आवाज जरा पडलेला वाटला. बिचाऱ्यालाही धक्का बसला आहे.

२९ नोव्हेंबर

दुपारी दोन माणसं आली. स्वच्छ कपडे, गोड बोलणं. एकानं माझ्या पाया पडल्यासारखं केलं. कुठल्याशा संघटनेचं नाव सांगितलं, मी कधी ऐकलं नव्हतं. बहनजींचा सत्कार करायचाय. पंचवीस तारखेलाच. मोठं स्टेज, शाल, श्रीफळ. तिनं फक्त हेच पुन्हा सांगायचं.

दीप्ती बाहेर आली. "तुम्ही पूर्ण ऐकलंत का?"

"जितना ज़रूरी था, सुन लिया."

"मग पूर्ण ऐका आणि त्यानंतर या. ज्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या सणांच्या तारखा कुठून आल्या यावर बोलायला बोलवाल, त्या दिवशी येईन."

तो हसला. दुसरा मात्र हसला नाही. निघताना माझ्याकडे वळून म्हणाला, "अंकलजी, आपके चर्च में पीछे की बेंच पर जो नए लोग बैठते हैं, वो कौन हैं? वीडियो में दिखे थे."

दार लावल्यावर मी कडी घातली आणि परत जाऊन दोनदा तपासली हे मी कबूल करतो. सीमेवर असताना असं झालं नव्हतं. नीलमनं पाणी दिलं. मागच्या बाकांवरच्या त्या माणसांची नावं मला माहीत नाहीत हे बरं.

आता हद्द झाली. आठल्येच्या तोंडावर जाऊन विचारणार.

२ डिसेंबर

स्कूटर घेऊन जानकीपुरमला गेलो. आख्खं शहर ओलांडावं लागतं. न सांगता गेलो, म्हणजे तयारीला वेळ मिळत नाही.

दार त्यांनीच उघडलं. सत्तरीच्या जवळचे, स्वेटरला कोपरावर भोक, पायात मोजे. घरात दुसरं कुणी नाही. बायको गेली म्हणे चार वर्षांपूर्वी. चहा स्वतः केला. मी कप नीट बघितला. त्यांचा आणि माझा, एकाच सेटमधला. मुद्दाम केलं असेल.

मी सरळ विचारलं, "व्हिडिओ कुणी काढला?"

"ते मलाही जाणून घ्यायचंय, सुभेदारसाहेब."

"तुमचा माणूस होता का सभेत?"

"माझा?" ते थोडे हसले. "माझी माणसं म्हणजे चार विद्यार्थी. त्यातले तिघे माझे फोनही उचलत नाहीत."

"मग तिला बोलायला कुणी लावलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मी तिला नको म्हणालो होतो. स्पष्ट सांगितलं, प्रबंध वेगळा आणि मंडळी वेगळी, तिथं हे नेऊ नकोस. ती म्हणाली, माझ्या पप्पांना हे माझ्या तोंडून कळायला हवं. घरी बोलायला लागलं की ते उठून जातात. चर्चमधून उठून जाणार नाहीत."

 बनाव असेल तर चांगला रचलेला होता.

ते पुढे म्हणाले, "मी तिला सुचवलं होतं, रोमचं पुष्कळ झालं, एक प्रकरण तुझ्या नगरकडच्या माणसांवर लिही. बाप्तिस्मा झाल्यावर घरात काय उरलं, काय बदललं. ते काम अजून नीट कुणी केलेलं नाही. तर म्हणाली, पप्पांना वाईट वाटेल. त्यांना आयुष्यभर लोकांनी खरे की खोटे विचारलंय, मी तरी विचारणार नाही."

मला उबळ आली. धूर आणि एवढा स्कूटरचा प्रवास. बराच वेळ खोकत होतो. ते पाणी आणायला उठले आणि मधेच थांबले. ग्लास हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. विचित्र नजर. मग अगदी हळू म्हणाले, "हा खोकला किती दिवस आहे तुम्हाला?"

"महिनाभर. का?"

"काही नाही. औषध घ्या." त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "घरी जाऊन तो व्हिडिओ एकदा आवाज मोठा करून ऐका."

काहीतरी लपवतायत. आधी बोलत होते, मग एकदम गप्प का झाले? त्यांना माणूस कोण ते माहीत आहे आणि ते त्याला वाचवतायत.

३ डिसेंबर

आठल्येचा दीप्तीला फोन आला होता. तिनं दार लावून घेतलं. एकच वाक्य ऐकू आलं, "मला माहीत आहे, सर. पहिल्या दिवसापासून."

पहिल्या दिवसापासून काय?

५ डिसेंबर, शुक्रवार

जेवण झाल्यावर नीलमनं तिचा फोन टेबलावर ठेवला आणि तो तुकडा लावला. आवाज पूर्ण मोठा. मी म्हटलं, बंद कर, मला नाही बघायचं. ती म्हणाली, बघू नका, ऐका.

पोपची गोष्ट आली. दीप्तीचा आवाज थांबला. आणि फोनच्या अगदी जवळून, सगळ्यांपेक्षा मोठा, खोकला.

नीलमनं तेवढंच मागे नेऊन परत लावलं. आणि परत.

"सर्दी सगळ्यांनाच आहे," मी म्हटलं.

"अहो, मी चौतीस वर्षं या खोकल्याशेजारी झोपतेय."

मी तसाच स्कूटर काढून रमाकांतकडे गेलो. रस्ताभर माझं ठरलं होतं, तो म्हणेल की मी कुणालाच दिलं नाही, आणि मी ते मानेन. त्यानं दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि खुर्चीत बसला.

"मैंने सिर्फ़ कमेटी के ग्रुप में डाला था, भैया. कि सब सुन लें, फिर तय करें. उसके बाद किसने किसको भेजा, किसने काटा, भगवान जाने."

"माझ्या मुलीचं बोलणं मी तुला दिलं होतं. ग्रुपला नाही."

"आपने ये तो नहीं कहा था कि किसी को मत देना."

खरं आहे. नव्हतं सांगितलं. त्याच्यावर मला एवढ्या दिवसांत एकदाही संशय आला नाही. ज्यांच्यावर आला त्यांच्यापैकी कुणीच काही केलं नव्हतं. माझ्यावर तर मला कधीच आला नसता.

७ डिसेंबर, रविवार

उपासनेनंतर कमिटीची बैठक. दीप्तीला बोलावलं होतं. लेखी माफी मागावी आणि ती मुलांना शिकवते ते संडे स्कूल सोडावं, असं ठरवूनच सगळे बसले होते. पाद्री साहेबांना झोप नसावी, डोळे सुजलेले. म्हणाले, मागच्या बाकांवरची कुटुंबं आज आलेली नाहीत. हे ऐकून दीप्तीचा चेहरा पडला. बाकी कशानंही पडला नव्हता.

एकानं विचारलं, "सीधा बताओ, मानती हो या नहीं?"

"मानती हूँ. जन्म को. तारीख़ को नहीं."

"ये चालाकी है."

तेव्हा मी उभा राहिलो. हिंदीत बोललो, फौजेतल्या हिंदीत, जशी आली तशी. म्हटलं, व्हिडिओ मी काढला. खिशात फोन ठेवून, चोरून, माझ्या मुलीचा. मी तो या कमिटीतल्या एका माणसाला दिला आणि त्यानं तुम्हा सगळ्यांना दिला. कापला कुणी ते मला माहीत नाही, पण तो बाहेर गेला या खोलीतूनच. माफी मागायची असेल तर रांग माझ्यापासून सुरू करा.

 रमाकांत चपलेकडे बघत होता. मी फोन टेबलावर ठेवला आणि पूर्ण रेकॉर्डिंग लावलं, सुरुवातीपासून. दोघं उठून गेले. बाकीच्यांनी ऐकलं. माझा खोकलाही ऐकला. शेवटचं वाक्य झाल्यावर पाद्री साहेब म्हणाले, "ये तो हमने सुना ही नहीं था." सभेत ते पहिल्या रांगेत होते!

माफी रद्द झाली. संडे स्कूल मात्र ईस्टरपर्यंत बंद. 'माहौल' बघून.

घरी आल्यावर दीप्तीनं बॅग भरली. एका मैत्रिणीकडे राहणार म्हणाली, विद्यापीठाजवळ. दारात थांबली आणि मराठीत बोलली. शाळेत असल्यापासून ती माझ्याशी सलग मराठीत बोलल्याचं मला आठवत नाही.

"पप्पा, तुमचा खोकला मी पहिल्याच दिवशी ओळखला. तुम्ही आज सांगितलंत ते बरं केलंत. पण संशय होता तर मला विचारायचं होतं. मी समोरच होते."

मी म्हटलं, "तू समोर होतीस म्हणूनच विचारता आलं नाही."

तिला ते समजलं की नाही, माहीत नाही. मला स्वतःलाच नीट समजलेलं नाही.

२५ डिसेंबर

दाट कोहरा. चर्चच्या फाटकाशी एक हवालदार बसवलेला. समोरच्या दुकानापाशी सत्काराचं सांगायला घरी आलेली ती दोन माणसं उभी होती, एकाचा फोन फाटकाकडे धरलेला. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं चित्रण चाललं होतं. मी मुद्दाम थांबलो, पूर्ण चेहरा दिला, मग आत गेलो.

मागचे बाक रिकामे. मी तिथंच बसलो. लोक 'बड़ा दिन मुबारक' म्हणत हात मिळवतात, पण माझ्याजवळ आले की बोलणं तोडतात आणि माझ्या खिशाकडे नजर जाते. मी त्यांना दोष देत नाही.

दीप्ती आली होती. आईशेजारी बसली. गाणी सगळी म्हटली, डोळे मिटून. माझ्याकडे आली, हात मिळवला, केकचा डबा दिला आणि गेली.

४ जानेवारी, रविवार

दीप्ती जेवायला आली. नीलमनं कोंबडी केली होती. जेवणात प्रबंधाचं कुणी काढलं नाही. ती ताटाकडे बघून जेवत होती आणि मला आठल्येंच्या घरातलं ते वाक्य आठवत होतं, मी तरी विचारणार नाही.

ती हात धुऊन आली तेव्हा मी म्हटलं, "बस जरा. तुझ्या आजीचं सांगायचंय."

ती बसली. मी आजवर आईबद्दल कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं, नीलमलाही नाही.

सांगितलं, की आईचा बाप्तिस्मा लग्नाच्या वेळी झाला, त्याआधी तिच्या माहेरी मरीआईचं ठाणं होतं. तिचा बाप तिथली पूजा करायचा. आमच्या चर्चमध्ये मूर्ती नाही, तसबीर नाही, देव्हारा नाही. आई दर रविवारी पहिल्या बाकावर बसायची, सगळी गीतं तोंडपाठ. पण घरात कुणी तापानं फणफणलं, की कपाळावर हात ठेवून म्हणायची, मरीआई, लेकराला सांभाळ. मी नऊ-दहा वर्षांचा असताना गावात पाळक आले होते आणि त्यांनी ते ऐकलं. त्यांनी विचारलं, बाई, कुणाला हाक मारता? आई म्हणाली, येशूच्या आईला. मरियाआईला. पाळक समाधानानं गेले.

दीप्ती हललीही नव्हती. कागद घेतला नाही, फोन काढला नाही.

"मी तेव्हापासून घाबरायचो," मी म्हटलं, "की एखाद दिवशी कुणीतरी खरं विचारेल. आणि मग आम्ही सगळे खोटे ठरू."

"पप्पा," ती मराठीतच म्हणाली, "पण खरं कोण होतं? दोघींपैकी?"

"मी विचारलं होतं तिला. पाळक गेल्यावर, चुलीपाशी."

"मग?"

"म्हणाली, जी आधी धावून येईल ती."

दीप्ती हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. मग नीलमही हसली. मला इतकी वर्षं ते हसण्यासारखं कधी वाटलंच नव्हतं.